प्रायव्हेट म्हणजे डोनेशन?

दिवाळी अंकाच्या संपादिकेचा फोन आला, "वसुधाताई, तुमच्या नोकरीवर लिहा ना काहीतरी." मी म्हटलं, अगं, मागच्या वर्षी याच अंकात एका डॉक्टरांनी आपण किती हृदयं उघडून परत शिवली ते लिहिलंय, आणि एका इंजिनिअरांनी अंतराळात गेलेल्या आपल्या स्क्रूचं चरित्र लिहिलंय. मी जन्मभर दुसऱ्यांच्या मार्कशीट वाचल्या. ते कोण वाचणार? ती म्हणाली, "ताई, चार पानं उरलीत आणि जाहिराती मिळत नाहीयेत." एवढा मान दिल्यावर नाही कशी म्हणणार?

तर आधी धंदा समजावून सांगते. परदेशात शिकलेला माणूस अमेरिकेत आला, की त्याला नोकरीसाठी, लायसन्ससाठी, नाहीतर पुढच्या शिक्षणासाठी आपली डिग्री दाखवावी लागते. समोरच्या अमेरिकन माणसाला सांगली कुठे आणि समरकंद कुठे, काही पत्ता नसतो. त्याला फक्त हवं असतं की ही डिग्री इथल्या भाषेत काय धरायची. ते सांगणारी ऑफिसं असतात. शिकागोच्या पश्चिमेला अशाच एका ऑफिसात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. लग्न जमवताना गुरुजी पत्रिका बघतात ना, तशा आम्ही डिग्र्यांच्या पत्रिका बघायचो. कोर्स किती वर्षांचा, प्रवेश कसा मिळतो, मान्यता कुणाची. मग शेवटी एक वाक्य लिहायचं, की ही पदवी इथल्या अमुक पदवीच्या बरोबरीची. त्या एका वाक्यासाठी लोक रडायचे, भांडायचे, आणि एकाने तर घरची फणसपोळी पाठवली होती. ती मी परत केली, फार जड मनाने.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे आपली माणसं. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. इथल्या चार वर्षांच्या डिग्रीएवढी धरायला बरेच लोक तयार नसतात. हे एका सद्गृहस्थांना सांगितलं, तर ते उसळलेच. "मॅडम, आमची तीन वर्षं यांच्या चारांना भारी आहेत. यांना पाढे तरी येतात का?" मी म्हटलं, पाढ्यांचे क्रेडिट्स मिळत नाहीत हो. ते तडक माझी बॉस लिंडा हिच्या केबिनमध्ये गेले आणि तिला एकोणतिसाचा पाढा म्हणून दाखवला. लिंडा आयोवाच्या शेतावर वाढलेली, भली बाई. तिने टाळ्या वाजवल्या आणि निकाल होता तोच ठेवला.

दुसरे एक होते, त्यांची डॉक्टरेट कुठल्याशा 'आंतरराष्ट्रीय विद्यापीठा'ची. मी विद्यापीठाला फोन लावला तर पलीकडून आवाज, "हां बोला, किती किलो?" मिठाईचं दुकान! कुलगुरू म्हणे वरच्या मजल्यावर राहतात, आत्ता आंघोळीला गेलेत. ते डॉक्टरसाहेब आजही कुठल्यातरी मराठी मंडळात दीपप्रज्वलन करत असतील. आणि एका सासूबाईंनी तर मला देवळात गाठून हळूच विचारलं होतं, "सुनेची डिग्री आमच्या बंटीपेक्षा वरची निघालीय, ती जरा खाली आणता येईल का?" मी म्हटलं, बंटीला वर चढवा, तो उपाय सोपा आहे. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

पण मला खरा अभिमान होता तो प्रोफाइल लिहिण्याचा. एखाद्या नव्या संस्थेची डिग्री आली, की त्या संस्थेची सगळी माहिती काढून दोन पानांची टिपणी करायची. संस्था कुणी काढली, का काढली, कशी चालते. पुढे त्या संस्थेची कितीही माणसं आली तरी ती टिपणी कामाला येते. मी अशा पुष्कळ लिहिल्या. त्यांतलं माझं सगळ्यात लाडकं प्रोफाइल टोकियोतल्या एका खाजगी विज्ञान विद्यापीठाचं. नाव सांगत नाही. आमच्या धंद्यात नाव घ्यायचं नसतं, रिटायर झालं तरी सवय जात नाही.

त्याची गोष्ट अशी. गेल्याच्या मागच्या शतकात जपानमध्ये सायन्स शिकायचं तर परदेशी भाषेत शिकावं लागे. सरकारी विद्यापीठात काही तरुण पोरं फिजिक्स शिकली, तेही फ्रेंचमधून. पास झाल्यावर त्यांना वाटलं, आपल्याला कळलं ते आपल्या लोकांना आपल्या भाषेत सांगायला हवं. हातात दमडी नाही, इमारत नाही. दिवसा सगळे नोकरी करायचे आणि संध्याकाळी उसन्या खोलीत शिकवायचे. प्रयोगाची उपकरणंसुद्धा सरकारी विद्यापीठातून उसनी आणायची आणि काम झालं की परत नेऊन द्यायची. मास्तर तासाला आला नाही, तर दंड मास्तरला! त्याने पदरचे पैसे शाळेला द्यायचे. हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच हसत सुटले. आपल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत हा नियम असता, तर मंडळाचा स्वतःचा हॉल केव्हाच बांधून झाला असता.

आणि पुढचं ऐका. या शाळेत प्रवेश कुणालाही मिळायचा. या, बसा, शिका. पण वरच्या वर्गात जायचं तर विषय आलाच पाहिजे. नाही आला, थांबा तिथेच. आपल्याकडे दोन विषय राहिले तरी एटीकेटी घेऊन पुढच्या वर्षात जाता येतं, मागचं ओझं पाठीवर घेऊन. तिथे तसली भानगड नव्हती. ढिगाने आत यायचे आणि मूठभर बाहेर पडायचे. जे पडायचे ते गावोगावच्या शाळांत सायन्सचे मास्तर व्हायचे. पुढे शाळेचं विद्यापीठ झालं, प्रवेशाला परीक्षा आली, इमारती आल्या, पण वर्षावर्षाच्या दारात अडवायची खोड काही गेली नाही. लिंडाने ते प्रोफाइल वाचून विचारलं, "वसुधा, तू त्यांच्या प्रेमात पडलीयेस का?" मी हो म्हटलं. लपवायचं काय त्यात?

आता अरविंदराव. शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. महाराष्ट्रातलं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, मेरिट लिस्ट, मग इथे येऊन मास्टर्स, मोठी नोकरी, मंडळाचं अध्यक्षपद, आता रिटायर. माणूस वाईट नाही. स्नो पडला की माझा ड्राइव्हवे न सांगता साफ करून जातात. पण एक खोड आहे. नवीन माणूस भेटला, की 'कसे आहात'च्या आधी 'शिकलात कुठे' विचारतात, आणि उत्तर ऐकून किती वाकून नमस्कार करायचा ते ठरवतात. त्यांची बायको शैला माझी मैत्रीण. मुलगी मुग्धा, इथेच जन्मलेली, मला वसुधामावशी म्हणते.

मुग्धा मेडिकलला गेली तेव्हा अरविंदरावांनी मंडळात पेढे वाटले होते. दुसऱ्या वर्षी ती नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा झाली, आणि सोडून आली. आज ती पाव बनवते. जवळच्याच गावात एका बेकरीत भागीदार आहे, आणि खरं सांगते, पाव उत्तम बनवते. पण अरविंदरावांनी नापास हा शब्द घरात किंवा दारात एकदाही उच्चारला नाही. आधी म्हणायचे, "ब्रेक घेतलाय." मग म्हणायला लागले, "फूड सायन्समध्ये आहे." कुणी खोलात शिरलं, तर "फर्मेंटेशन रिसर्च". यीस्टला मान मिळवून देणारा पहिला मराठी माणूस! मी हसायची, पण शैला नाही हसायची. ती म्हणायची, "मुग्धा मंडळाच्या कार्यक्रमाला येत नाही गं. म्हणते, तिथे कोण म्हणून येऊ?"

गेल्या हिवाळ्यात अरविंदराव बूट झटकत माझ्याकडे आले. "वसुधाताई, एक प्रोफेशनल मदत हवीय. मुग्धाने मुलगा ठरवलाय. जपानी आहे." मी म्हटलं, अभिनंदन. ते म्हणाले, "थांबा हो. बॅटरीच्या कंपनीत इंजिनिअर आहे, ते ठीक. पण कॉलेज प्रायव्हेट आहे." आणि आवाज खाली आणून म्हणाले, "प्रायव्हेट. आणि चार वर्षांचा कोर्स, याला सहा वर्षं लागली. म्हणजे डोनेशन देऊन घुसलेला आणि वर ढ. मॅनेजमेंट कोटा असतो का हो जपानमध्ये?"

मी कॉलेजचं नाव विचारलं आणि मला हसूच फुटलं. माझंच लाडकं! मुलगा काही माझ्या ऑफिसचं गिऱ्हाईक नव्हता, त्यामुळे सांगायला हरकत नव्हती. त्यांना खुर्चीत बसवून मी सगळा इतिहास ऐकवला. फ्रेंचमधलं फिजिक्स, उसनी उपकरणं, मास्तरांचा दंड, दारातली अडवणूक. म्हटलं, अरविंदराव, प्रायव्हेट म्हणजे डोनेशन हे समीकरण आपल्या गावचं आहे, ते टोकियोला नेऊ नका.

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मूठभरच पास व्हायचे? मग हे तर आपल्या मेरिटवाल्यांचं कॉलेज म्हणा की! जरा लिहून द्या ना." मी ढोबळ माहिती एका कागदावर लिहून दिली. तीच माझी चूक. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता. ट्रॉय गावात राहणाऱ्या त्यांच्या मेहुण्यांचा मला फोन, "जावई म्हणे जगातल्या सगळ्यात कठीण युनिव्हर्सिटीतला?" मी म्हटलं, कठीण आहे, बाकी जग मी पाहिलेलं नाही. ते पुढे म्हणाले, "आणि सहा वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स?"

इंटिग्रेटेड! मी शैलाला फोन केला. ती म्हणाली, "तू जेवायलाच ये शनिवारी. ताकेशी येतोय. मला एकटीला हे झेपणार नाही."

शनिवारी गेले. ताकेशी शिडशिडीत, हसरा, बूट दारात नीट लावून आत आला. शैलाने भरली वांगी केली होती, ती तो मनापासून खात होता. मुग्धा त्याच्या शेजारी, हातावर ओव्हनच्या भाजल्याच्या खुणा. ताकेशीशी बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत लिहिते.

अरविंदरावांनी सुरुवातच केली, "तुमच्या सहा वर्षांच्या कोर्सबद्दल सगळ्यांना फार कौतुक आहे."

ताकेशी घास गिळून म्हणाला, "कोर्स चार वर्षांचा असतो, काका. मी दुसऱ्या वर्षात दोनदा नापास झालो."

अरविंदरावांनी पापडाचा तुकडा मोडला. म्हणाले, "हां, म्हणजे आजारी वगैरे असशील."

"नाही. तब्येत छान होती."

"घरी काही अडचण? वडील?"

"वडील ठणठणीत आहेत. अजून सायकल चालवतात."

"मग नोकरी करून शिकत असशील!" बिचारे एकेक सबब ताटात वाढत होते आणि हा पठ्ठ्या एकही उचलत नव्हता.

"मी अभ्यास केला नाही, काका. मित्रांबरोबर बॅण्डमध्ये गिटार वाजवायचो. गिटारही वाईटच वाजवायचो."

मुग्धा खाली मान घालून हसली. अरविंदरावांनी माझ्याकडे बघितलं. काय करणार मी? इतिहास संस्थेचा होता, त्यात गिटारची जबाबदारी माझ्याकडे नव्हती.

मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तुझे आईवडील लोकांना काय सांगायचे?"

ताकेशीला प्रश्नच कळला नाही. "काय सांगायचे म्हणजे? नापास झाला, असं सांगायचे. आमच्या घराखाली मासे विकणारे आजोबा होते. दर वसंतात ते ओरडून विचारायचे, झाला का यंदा पास? बाबा वरून ओरडून सांगायचे, नाही हो, पुढच्या वर्षी बघू. पास झालो तेव्हा आजोबांनी एवढा मोठा लाल मासा पाठवला. आमच्याकडे शुभ असतो तो."

मुग्धाने चमचा खाली ठेवला. "बाबा, तू लोकांना माझ्याबद्दल काय सांगतोस?"

"अगं, हे काय आत्ता..."

"काय सांगतोस? I want to hear it."

उत्तर शैलाने दिलं. "फूड सायन्स," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "फर्मेंटेशन रिसर्च सांगतात गं ते."

मुग्धा ओरडली वगैरे नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाबा, मी याच्याशी लग्न का करतेय माहितीये? पहिल्यांदा भेटला तेव्हा मी म्हटलं, मी मेडिकलला फेल झाले. तो म्हणाला, मी थर्मोडायनॅमिक्सला. आणि मग त्याने विचारलं की आज राय ब्रेड आहे का. दॅट्स इट. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. लग्नात माझ्याबद्दल रिसर्च-बिसर्च बोलणार असशील, तर तू येऊ नकोस. आय मीन इट." ती उठून कोट घालायला गेली. ताकेशीने शैलाला वाकून नमस्कार केला, वांग्यांचं कौतुक केलं आणि मुग्धाच्या मागोमाग गेला.

अरविंदराव ताटावर बसून राहिले. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. माणूस बाकीच्यांना एवढी वर्षं मार्कांनी मोजत राहिला, की स्वतःच्या पोरीला मोजायची वेळ आली तेव्हा त्याने डोळेच मिटून घेतले. मी निघताना म्हटलं, "अरविंदराव, टोकियोच्या त्या शाळेत थांबवलेल्यांची नावं पटावरून कुणी पुसायचं नाही. थांबलाय, एवढंच म्हणायचे." ते म्हणाले, "वसुधाताई, तुमचं प्रोफाइल तुमच्याजवळ ठेवा." बरोबरच होतं त्यांचं.

पुढे मुग्धाने फोन घेणं बंद केलं. शैला रोज रडायची. मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम गावातल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात होता, बाहेर बर्फाचे काळे ढीग अजून शिल्लक. शैलाने मुलीची मिनतवारी केली, माझ्यासाठी ये म्हणून. मुग्धा आली, ताकेशीला घेऊन. भिंतीला टेकून उभी राहिली, कोट न काढता.

श्रीखंड-पुरीच्या रांगेत अरविंदराव माझ्या पुढे, त्यांच्या पुढे मंडळाचे खजिनदार पाटणकर. पाटणकरांनी वळून मोठ्या आवाजात विचारलं, "काय अरविंदराव, मुग्धा आली वाटतं आज! रिसर्च काय म्हणतोय?"

अरविंदरावांनी हातातली प्लेट सावरली आणि भिंतीकडे बघितलं. ते म्हणाले, "रिसर्च नाही रे. मेडिकलला दोनदा नापास झाली ती. सोडून दिलं. पाव बनवते." आवाज चांगला मोठा होता, अध्यक्षीय. भिंतीपाशी मुग्धाने मान वर केली.

पाटणकर म्हणाले, "माहितीये की. दर शनिवारी आमच्याकडे तिचाच पाव येतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडेही." एक काकू म्हणाल्या, "तो अक्रोडाचा तर फारच सुंदर." अरविंदराव एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं? मग बोललात का नाही कधी?"

पाटणकर जरा ओशाळले. "तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो हो. तुम्ही रिसर्च म्हणायचात, आम्ही मान डोलवायचो."

अख्खं मंडळ! दीपप्रज्वलन करणारी, मेरिटच्या गप्पा मारणारी ही सगळी माणसं वर्षानुवर्षं त्या पोरीचा पाव खाऊन घरी जाऊन फर्मेंटेशन रिसर्चला माना डोलवत होती, आणि त्यांत मीही होते. मला शरम वाटली.

अरविंदराव रांग सोडून भिंतीपाशी गेले. मुग्धा रडत होती. "बाबा, तू तो शब्द मला एकदापण म्हणाला नव्हतास. मला वाटायचं, मी इतकी वाईट आहे की तुला म्हणवतसुद्धा नाही."

त्यांनी प्लेट ताकेशीच्या हातात दिली. मुग्धाचे हात हातात घेतले, त्या भाजल्याच्या खुणा पहिल्यांदाच बघत असल्यासारखे बघितले, आणि विचारलं, "तुझं दुकान कुठे आहे गं नक्की?"